पेन्सिल मुलाच्याच हातात राहू द्या: शाळेतल्या विद्यार्थी-साहाय्यकाचं काम

प्रश्न असा आहे: "पदवीनंतर दोन वर्षं घरी शिकवण्या घेतल्या. आता एका शाळेत विद्यार्थी-साहाय्यक म्हणून रुजू होतेय. वर्गात तास चालू असताना मागे पडणाऱ्या मुलांजवळ बसायचं आणि आठवड्यातून काही वेळा चार-पाच जणांचा गट वेगळा घेऊन शिकवायचं, असं सांगितलंय. शिकवणीपेक्षा हे वेगळं कसं? मूल काहीच प्रतिसाद देत नसेल तर काय करायचं? आणि माझी हद्द कुठे संपते?"

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते, कारण बहुतेक तुम्हीही ती करणार आहात.

या कामात मला अठरा वर्षं झाली. दुसऱ्याच वर्षी चौथीतला एक मुलगा माझ्याकडे सोपवला होता. लिखाण संथ, गणित कच्चं, स्वभावाने गोड. वर्षभर मी त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. फळ्यावरचं उतरवताना अडला की पुढचा शब्द मी सांगायची, गणितात थांबला की "अरे, हातचा घे ना" म्हणायची. वर्गात सगळ्यांत पूर्ण वह्या त्याच्या. शिक्षिका खूश, घरचे खूश, मीही खूश. वार्षिक परीक्षेला मला त्या वर्गात बसायची परवानगी नव्हती. नंतर पेपर पाहिला, तर पहिल्या पानावर नाव, हजेरी क्रमांक आणि 'प्रश्न १' एवढंच. बाकी कोरं. "का रे?" म्हटलं, तर म्हणाला, "तुम्ही आलाच नाहीत."

त्यातले निम्मे प्रश्न त्याने पुढच्या आठवड्यात माझ्यासमोर सोडवून दाखवले. म्हणजे विषय येत होता. येत नव्हतं ते सुरुवात करणं, कारण वर्षभर सुरुवात मीच करून देत होते.

पुढे कळलं की हे दुखणं माझ्या एकटीचं नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ ते २००९ या काळात पीटर ब्लॅचफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळांमधल्या साहाय्यकांच्या कामाचा मोठा अभ्यास केला. त्यातला निष्कर्ष अनेकांना झोंबला: साहाय्यकाची मदत सर्वाधिक मिळालेल्या मुलांची प्रगती, त्यांच्यासारख्याच पण कमी मदत मिळालेल्या मुलांपेक्षा कमी झाली होती. "कच्ची मुलंच साहाय्यकाकडे देतात, मग असं दिसणारच," हा खुलासा इथे पुरत नाही, कारण मुलांची आधीची पातळी आणि विशेष गरजा लक्षात घेऊनच ही तुलना केली होती. अभ्यासकांनी दोष साहाय्यकांच्या माथी मारला नाही. त्यांना कामाला लावायची पद्धतच चुकत होती. शिक्षकांशी बोलायला ठरलेला वेळ नाही, तासाला काय होणार हे वर्गात शिरल्यावर कळणार, आणि मग साहजिकच समोरचं काम कसंबसं उरकून घेण्याकडे कल. अमेरिकेत मायकल जिआंग्रेको यांनी १९९७ साली दिव्यांग मुलांना सतत चिकटून बसणाऱ्या साहाय्यकांबद्दल असंच मांडलं होतं: मूल मोठ्या माणसावर विसंबून राहतं, सोबत्यांपासून तुटतं, आणि वर्गशिक्षकालाही ते मूल आपलं वाटेनासं होतं. हा शेवटचा मुद्दा मी डोळ्यांनी पाहिलाय. "तुमचा तो आज काय करतोय?" असं शिक्षक मला विचारायला लागले की मी समजते, गाडी रुळावरून घसरली.

म्हणून शिकवणीशी फरक हा असा. शिकवणीत गृहपाठ पूर्ण झाला, गुण वाढले की तुमचं काम दिसतं. इथे तुम्ही उठून दुसऱ्या बाकाकडे गेल्यावर मागे काय होतं, ते तुमचं काम. मी तर घड्याळ लावून उठते. दोन मिनिटं मुलाजवळ, मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आणि लांबून बघायचं: पेन्सिल चालू आहे की थांबली?

बसायची जागाही बघा. मूल आणि फळा यांच्या मध्ये नको, मूल आणि त्याचा शेजारी यांच्या मध्ये तर मुळीच नको. थोडं मागे, तिरकं. शिक्षक बोलत असताना तुम्ही कानात कुजबुजून तेच समजावू नका; मुलाला दोन आवाज एकदम ऐकू येतात आणि एकही कळत नाही.

आता मदत किती करायची. १९७६ साली डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी ३ ते ५ वर्षांच्या ३० मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला देऊन शिकवणारी व्यक्ती नेमकं काय करते ते टिपलं. तिथून 'स्कॅफोल्डिंग', म्हणजे गरजेपुरती द्यायची आणि हळूहळू काढून घ्यायची मदत, हा शब्द शिक्षणात रुळला. आपल्याकडे त्याला 'आधार' वगैरे म्हणतात, पण मला बांधकामावरची परांची जास्त पटते. परांची बांधतानाच ती कधी उतरवायची ते ठरलेलं असतं, आणि भिंत ती काढल्यावरच तपासली जाते.

माझा रोजचा क्रम साधा आहे. आधी गप्प बसायचं. हे सगळ्यांत अवघड. अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांनी वर्गातल्या ध्वनिफिती ऐकून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच ३ सेकंदांपर्यंत वाढवलं की उत्तरं जास्त सविस्तर येतात आणि "माहीत नाही" कमी होतं. मनातल्या मनात पाच मोजा, तुम्हाला ते तासाएवढं वाटेल. तरीही हललं नाही, तर "पहिल्यांदा काय करायचं असतं?" एवढंच विचारायचं. मग खूण: "कालचं तिसरं गणित बघ बरं." मग त्याच प्रकारचं पण वेगळे आकडे असलेलं उदाहरण मी माझ्या कागदावर मोठ्याने बोलत सोडवते. त्याचं गणित त्याच्यासाठी सोडवणं हा अगदी शेवटचा उपाय, आणि ते केलंच तर वहीत शेजारी छोटी 'म' लिहिते, म्हणजे शिक्षिकेला कळतं की इथे मदत झालीय. ही खूण लिहिली नाही, तर ती पूर्ण वही शिक्षिकेला फसवते.

पेन्सिल मुलाच्या हातातून घ्यायची नाही. दुसरं, खोडरबर मी देत नाही. चुकलं तर एक आडवी रेघ, खाली पुन्हा. मुलं आधी कुरकुरतात, कारण त्यांना वही 'स्वच्छ' हवी असते, पालकांनाही. पण खोडलेली चूक म्हणजे हरवलेला पुरावा.

पुरावा म्हणजे काय, ते एका पानावरून सांगते. तिसरीतल्या एका मुलीची वजाबाकीची दहा गणितं, आठ चुकलेली. शेरा होता: 'लक्ष देत नाही'. मी पान पुढे ओढलं. ५२ वजा २७, उत्तर ३५. ८१ वजा ४६, उत्तर ४५. ६३ वजा २८, उत्तर ४५. बरोबर आलेली दोन गणितं म्हणजे ७८ वजा ३५ आणि ९६ वजा ५१. आता बघा: ती प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होती, मग मोठा अंक वर असो की खाली. एककाला ७ मधून २ गेले, ५. दशकाला ५ मधून २ गेले, ३. झाले ३५. जिथे हातच्याची गरजच नव्हती तिथे उत्तर बरोबर. या मुलीचं लक्ष वर्गातल्या कुणाहूनही जास्त होतं. ती एक नियम दहा वेळा न चुकता पाळत होती. फक्त नियम चुकीचा होता. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये मुलांच्या वजाबाकीतल्या अशा पद्धतशीर चुकांची यादीच केली होती, आणि ही त्यातली अगदी नेहमीची.

अशा वेळी "हातचा घ्यायला विसरलीस" म्हणणं फुकट आहे, कारण ती विसरलेली नाहीच, तिला गरजच वाटलेली नाही. मी दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या तिच्यापुढे ठेवल्या आणि म्हटलं, मला सत्तावीस दे. दोन गठ्ठे लगेच दिले. मग सात सुट्या हव्यात आणि हातात दोनच. ती बराच वेळ बघत राहिली. मी तेवढाच वेळ गप्प. मग तिनेच विचारलं, "एक गठ्ठा सोडू का?" उरल्या काड्या मोजल्या, पंचवीस. वहीतल्या ३५ कडे बघून म्हणाली, "मग हे कुणाचं?" त्या दिवशी आम्ही एवढंच केलं. एका गणितासाठी वीस मिनिटं. शेजारच्या गटाने तेवढ्यात दोन पानं भरली, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

तर 'कच्चा', 'आळशी', 'लक्ष नाही' या शब्दांवर थांबू नका. चूक कुठून येते ते हुडका. कधी ती भाषेतून येते. मराठीत सत्तेचाळीस म्हणताना सात आधी ऐकू येतात, म्हणून मूल ७४ लिहितं. एकोणसाठ ऐकून ६९ लिहिणारी मुलं तर प्रत्येक वर्गात सापडतात. बेरीज बरोबर, आकडा ऐकण्यातच घोळ. शाब्दिक उदाहरणात मूल दिसतील ते आकडे मिळवत सुटलं, तर आधी त्याला उदाहरण मोठ्याने वाचायला सांगा. जोडाक्षरावर अडखळत वाचत असेल तर वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात निसटलेली असते, आणि मग उरतात फक्त आकडे. उलट, काही मुलं खडाखडा वाचतात आणि "काय विचारलंय?" म्हटलं की शून्य. दोघांना एकाच गटात एकच धडा वाचायला लावणं म्हणजे दोघांचाही वेळ घालवणं. पहिल्याला अक्षरओळख आणि जोडाक्षरांचा सराव हवा, दुसऱ्याशी गोष्टीबद्दल बोलायला हवं.

मूल प्रतिसादच देत नाही, हा तुमचा दुसरा प्रश्न. यात कारणं पुष्कळ. काही वेळा अगदी शारीरिक असतात. एक मुलगी फळ्यावरचं नेहमी चुकीचं उतरवायची, 'बेफिकीर' असा तिचा लौकिक. पुस्तकातून उतरवायला दिलं तर एक चूक नाही. मी तेवढं टिपून वर्गशिक्षिकेला दिलं, डोळे तपासले गेले, चष्मा लागला. हा पाच मिनिटांचा प्रयोग तुम्ही प्रत्येक 'बेफिकीर' मुलावर करून बघाच. ऐकण्याचंही तसंच: पाठमोरं असताना हाक मारली तर वळतं का? झोप, भूक, घरातलं भांडण, हेही असतं.

पण बऱ्याचदा चुकायची भीती असते. अशा मुलाला थेट प्रश्न विचारला की ते शंखात शिरतं. मी त्याला माझं सोडवलेलं गणित देते, मुद्दाम एक चूक घालून, आणि सांगते, यात माझी एक चूक आहे, शोध. मोठ्यांची चूक पकडायला न आवडणारं मूल मला अजून भेटायचंय. दुसरी युक्ती, अर्धवट सोडवलेलं उदाहरण देऊन फक्त शेवटची पायरी करून घ्यायची, उद्या शेवटच्या दोन. कोऱ्या पानाची धास्ती अशी हळूहळू जाते. शाबासकी द्यायची ती नेमकी द्या. "हुशार आहेस" म्हटलेलं मूल पुढच्या अवघड गणिताला हात लावायला कचरतं, हुशारीचा शिक्का जाईल म्हणून. "पहिल्या वेळी जमलं नाही तेव्हा चित्र काढून पाहिलंस, ते छान केलंस," असं म्हटलं की काय पुन्हा करायचं ते त्याला कळतं.

गटाबद्दल. रोज थोडा वेळ, हे कधीतरी खूप वेळ यापेक्षा चांगलं. एज्युकेशन एंडोमेंट फाउंडेशन या इंग्लंडमधल्या शिक्षणविषयक संस्थेच्या मार्गदर्शनात छोट्या गटासाठी २० ते ५० मिनिटांची सत्रं, आठवड्यातून ३ ते ५ वेळा, ८ ते २० आठवडे, असं सुचवलेलं आहे. माझ्या अनुभवात लहान मुलांना २५ मिनिटांच्या पुढे ताणण्यात अर्थ नसतो. सत्राची सुरुवात मी वह्या बंद ठेवून मागच्या वेळच्या तीन प्रश्नांनी करते. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर चित्र उलटलं: वाचून मग आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के, नुसतं पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. तो प्रयोग महाविद्यालयीन मुलांवरचा, पण तिसरी-चौथीतही मला हेच दिसत आलंय. मुलांना सांगून ठेवा की हे गुणांसाठी नाही, नाहीतर शेजारच्याचं बघणं सुरू होतं.

गट कोणत्या तासाला काढता, हे तुम्ही ठरवत नसलात तरी बोला जरूर. मुलांना खेळाच्या किंवा चित्रकलेच्या तासातून उठवून गणिताला बसवणं मला शिक्षाच वाटते, आणि मुलांनाही. त्याहून वाईट म्हणजे गणिताच्या तासातून काढून गणित शिकवणं. वर्ग पुढे गेलेला असतो, मूल परत येतं तेव्हा दोन्हीकडचं अर्धं. आणि बाहेर शिकवलेलं वर्गात जोडलं गेलं नाही तर मुलांना ती दोन वेगळी गणितं वाटतात. शिक्षिका ज्याला 'दशक सुटा करणे' म्हणतात त्याला तुम्ही 'उसनं घेणं' म्हणू नका, एवढी बारीकशी गोष्टही फरक पाडते.

त्यासाठी शिक्षकांशी रोज पाच मिनिटं मिळवाच. मिळत नसतील तर मागा, आणि मागताना मोघम नको. आजच्या तासाला मुलांना नेमकं काय यायला हवं, माझ्या मुलांनी त्यातलं किमान काय करावं, कुठे अडतील असं तुम्हाला वाटतं, एवढंच विचारायचं. तास संपल्यावर एक चिठ्ठी: कोणी एकट्याने केलं, कोणी मदतीने, कोण कुठे अडलं. चार ओळी पुरतात. शिक्षकाशी वर्गात मतभेद दाखवू नका. त्यांनी फळ्यावर चूक केली तरी मुलांसमोर बोट दाखवण्यापेक्षा, "सर, मला ती पायरी कळली नाही," म्हणणं बरं.

आता हद्द. मुलाला डिस्लेक्सिया (वाचन-लेखन शिकण्यातली अडचण) आहे, लक्ष टिकत नाही म्हणजे अमुक विकार आहे, असं तुम्ही पालकांना तर सोडाच, शिक्षकांनाही म्हणायचं नाही. सहा-सात वर्षांची कितीतरी मुलं अक्षरं उलटी काढतात आणि त्यातली बहुतेक आपोआप सावरतात. निदान हे त्या त्या तज्ज्ञाचं काम. तुमचं काम आहे तारखेसह टिपणं ठेवायचं. 'चंचल आहे' असं लिहू नका. 'वाचनाच्या तासाला १० मिनिटांत ४ वेळा जागेवरून उठला. चित्र काढताना २० मिनिटं बसला' असं लिहा. तज्ज्ञाला दुसरं वाक्य उपयोगी पडतं, पहिलं नाही.

कधी मूल तुमच्याजवळ काहीतरी गंभीर बोलेल. मारहाण, नको तो स्पर्श, घरातलं काही. ते बहुतेक वेळा रंग भरता भरता, वर न बघता बोललं जातं. "कुणाला सांगणार नाही" असं वचन चुकूनही देऊ नका. शांतपणे ऐका, खोदून विचारू नका, आणि "अमक्याने केलं का?" असं नाव तर तुम्ही मुळीच सुचवू नका. "सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही, आणि मदत करू शकतील अशा माणसाला मला हे सांगावं लागेल," एवढं म्हणा. मुलाचेच शब्द लगेच कागदावर उतरवा, तुमचा अर्थ न लावता, आणि शाळेत ज्यांच्याकडे ही जबाबदारी आहे त्यांच्याकडे त्याच दिवशी द्या. घरी फोन करून शहानिशा करायला जाऊ नका; ज्याच्याबद्दल तक्रार आहे तोच फोन उचलेल.

पालक फाटकाशी गाठून "कसा आहे आमचा?" विचारतात. हसून बोला, पण प्रगतीचं बोलणं वर्गशिक्षकांमार्फत. आणि त्याच मुलाची घरी पैसे घेऊन शिकवणी घेऊ नका, कितीही गळ घातली तरी; शाळेत त्याला कमी मदत केली की जास्त, हा संशय मग कायमचा मागे लागतो. परीक्षेत लेखनिक म्हणून बसायची वेळ आली, तर मूल सांगेल ते आणि तेवढंच लिहायचं. भुवई उंचावणंसुद्धा सूचना ठरते. मुलालाही सांगून लिहून घ्यायची सवय नसते, तेव्हा परीक्षेआधी निदान चार-पाच वेळा दोघांनी सराव करा.

पहिला आठवडा शिकवायला जाऊ नका. मागे बसा, एक छोटी वही ठेवा, आणि रोज दोन-तीन मुलांकडेच बघा: फळ्याकडे किती वेळा बघतं, अडलं की कुणाकडे वळतं, काय आलं की चेहरा उजळतो. मुलं विचारतील, "तुम्ही कुणासाठी आलात?" एखाद्या मुलाकडे बोट दाखवलंत तर त्या मुलाचं वर्ष खराब झालंच म्हणून समजा. मी म्हणते, "वर्गासाठी," आणि लगेच वर्गातल्या सगळ्यांत हुशार समजल्या जाणाऱ्या मुलीजवळ जाऊन बसते.